चौदा रिकामे सोमवार

व्हेस्टरडाल, विस्कॉन्सिन
९ मार्च १९८४

प्रिय सिग्नी,

खुशाली मागाहून विचारते, आधी कामाचं. गावसभेच्या दारावर काल विहिरीच्या पाण्याचा गेल्या वर्षाचा कागद लागला, आणि मला त्यात काहीतरी काळंबेरं दिसतंय.

तुला माहीत आहे, १९७६ पासून दर सोमवारी पंपघरातल्या नळाखाली बाटली धरायचं काम माझ्याकडे आहे. बाटली प्रयोगशाळेत जाते आणि आठवड्याभराने चिठ्ठी येते. तिच्यावर पाण्यात नायट्रेट किती, तो आकडा असतो. तो मी आधी माझ्या वहीत उतरवते, मग चिठ्ठी आयव्हर ब्रेकेच्या हातात देते. आयव्हर अजून गावसभेचा कारकून आहे. तो वर्षभराचे आकडे तक्त्यात भरून मॅडिसनला विद्यापीठात पाठवतो, तिथलं मशीन हिशेब करतं आणि कागद परत येतो.

तर कागद असा: सरासरी ८.८, सर्वांत जास्त २१.४, सर्वांत कमी ०.०. मर्यादा दहाची. म्हणून खाली आयव्हरने पेनाने 'पाणी पिण्यास योग्य' असं लिहून सही ठोकली आहे.

दरवर्षी मी सरासरी बघून घरी जायचे. काल माझ्या शेजारी कार्ला हॉफ उभी होती, बाजूच्या घरातली सून, तीन आठवड्यांचं बाळ कुशीत घेऊन. तिने विचारलं, "थोरा, हे शून्य आहे ना, त्या दिवशी पाणी एकदम स्वच्छ होतं का?" मी हो म्हणणार होते. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या एकाही बाटलीत शून्य कधी निघालेलं नाही. सगळ्यांत कमी निघालं ते ६.३.

मग ते शून्य आलं कुठून? घरी येऊन जुने कागद काढले. दरवर्षी तेच, सर्वांत कमी ०.०. चिठ्ठ्या माझ्या हातून जातात त्या फक्त आयव्हरच्या हातात. आणि आयव्हरचा जावई खताचं गोदाम चालवतो. शेतातलं खत जमिनीत उतरतं आणि तेच आपल्या विहिरीत येतं, हे इथे लहान मुलांनाही ठाऊक आहे. पुढचं मी लिहीत नाही.

तू दिवसभर त्या मशीनांपुढे बसतेस. कुणाला सरासरी खाली आणायची असेल तर तो काय करेल, एवढं मला सांग.

तुझी,
थोरा आत्या

•

मिनियापोलिस
१५ मार्च १९८४

प्रिय थोरा आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू विचारलंस म्हणून सांगते: सरासरी खाली आणायची तर मोठे आकडे गाळायचे किंवा छोटे आकडे घुसवायचे. तिसरा मार्ग नाही. पण २१.४ त्या कागदावर छापलेलं आहे, म्हणजे मोठा आकडा कुणी लपवलेला नाही. लबाडी करणारा माणूस आधी तोच खोडेल, नाही का?

तू घाई करू नकोस. आयव्हर मला आठवतो तो चर्चच्या तळघरात पत्ते पिसणारा माणूस. डाव हरला की स्वतःवरच हसायचा. असा माणूस आकडे फिरवेल असं वाटत नाही.

एक कर. त्या कागदाची नक्कल मला पाठव. अगदी वरच्या ओळीत जे बारीक छापलेलं असतं तेही जसंच्या तसं उतरव. आणि तुझ्या वहीतले गेल्या वर्षीचे आकडे, त्यांची बेरीज, बाटल्या किती भरल्या ते. तोवर गावात कुणाशी बोलू नकोस. आयव्हरशी तर नाहीच.

माझं इथे ठीक आहे. कंपनीने हाताखाली चार माणसं दिली आहेत. बर्फ अजून गेलेला नाही.

तुझी,
सिग्नी

•

व्हेस्टरडाल
२१ मार्च १९८४

प्रिय सिग्नी,

नक्कल सोबत आहे. वरच्या ओळीत 'वेलस्टॅट, आवृत्ती २' असं छापलंय. त्यावरून तुला काय कळणार ते तूच जाणे.

वहीचं सांगते. गेल्या वर्षी मी अडतीस बाटल्या भरल्या. बाकीचे सोमवार पंपघराचा रस्ता बर्फाने बंद होता, नाहीतर नळ गोठलेला होता. माझ्या कंबरेचं तुला माहीतच आहे. अडतीस आकड्यांची बेरीज ४५६. तीनदा केली, एकदा खालून वर. ४५६ भागिले ३८, बरोबर बारा. आठ नाही, नऊ नाही. बारा. मर्यादेच्या वर.

तू बोलू नकोस म्हणालीस, पण मी आयव्हरला विचारलंच. पोस्टात भेटला, टपाल घ्यायला आला होता. मी सहज म्हटलं, यंदा ते शून्य कुठल्या बाटलीतलं बाबा? त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. म्हणाला, बघावं लागेल, जुने कागद काढावे लागतील. आणि टपाल न घेताच गेला. परवा पत्त्यांनाही आला नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा. मन साफ असलेला माणूस असं करतो का?

कार्लाला मी बाजूला घेऊन सांगितलं की मला या पाण्याचा भरवसा वाटत नाही. तिला दूध आलं नाही, बाळ बाटलीवर आहे, भुकटी विहिरीच्याच पाण्यात कालवते. म्हटलं, चांगलं वीस मिनिटं खळखळ उकळत जा.

वार्षिक सभा १० एप्रिलला आहे. त्याआधी मला तुझं उत्तर पाहिजे.

तुझी,
थोरा आत्या

•

मिनियापोलिस
६ एप्रिल १९८४

प्रिय थोरा आत्या,

उशीर झाला. इथे कामाचा फार रेटा होता.

नक्कल पाहिली. एवढ्यावरून नक्की काही सांगता येणार नाही. कॉम्प्युटरच्या कागदावरच्या शून्याचे पुष्कळ अर्थ होऊ शकतात. एखादा आकडा टाइप करताना चुकला असेल. तुझी बेरीज बरोबर आहे यात शंका नाही, पण विद्यापीठाकडून खुलासा मागवावा आणि तोपर्यंत सभेत विषय काढू नये असं मला वाटतं. एखाद्या माणसाचं नाव चारचौघांत घेतलं की मागे घेता येत नाही.

मी चौकशी करते. मला थोडा वेळ दे.

सिग्नी

•

व्हेस्टरडाल
१२ एप्रिल १९८४

सिग्नी,

तुझं पत्र सभेच्या दिवशी सकाळी मिळालं. सोळा दिवस लावलेस आणि लिहिलंस काय, तर काहीच नाही. मी तुला पेन धरायला शिकवलंय. तुझं पत्र मला ओळखता येतं, आणि ते तुझं नव्हतं. आयव्हरने तुला पत्र टाकलं होतं का? फोन केला होता का? खरं सांग. नाहीतर तू एवढी त्याची कड घेण्याचं मला दुसरं कारण दिसत नाही.

मी थांबले नाही. सभेत वही घेऊन उभी राहिले आणि अडतीस आकडे एकेक करून वाचले. मग म्हटलं, माझ्या वहीत सरासरी बारा आहे, दारावरच्या कागदावर ८.८ आहे, आणि चिठ्ठ्या माझ्याकडून फक्त एका माणसाकडे जातात. जावयाचं नाव मी घेतलं नाही. मागच्या बाकावरून दुसऱ्याच कुणीतरी घेतलं.

सगळे आयव्हरकडे बघत होते. तो टेबलामागे हात जुळवून बसला होता. अध्यक्षांनी विचारलं, तुला काही सांगायचंय का. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तक्ता मी भरला. सही माझी आहे." बस, एवढंच. मग खिशातून कार्यालयाच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि टोपी घालून निघून गेला.

रविवारी चर्चमध्ये तो असेल की नाही कोण जाणे. असला तर त्याच्या बाकावर कुणी बसणार नाही, असं बायका आत्ताच बोलत आहेत.

मला वाटलं होतं बरं वाटेल. कॉफी करून प्यायले, तीही कडू लागली.

विद्यापीठाला खुलासा मागायचा असं ठरलंय. तोपर्यंत पाणी तेच चालू.

थोरा

•

व्हेस्टरडाल
२७ एप्रिल १९८४

सिग्नी,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला लिहू ते कळत नाही.

सोमवारी सकाळी कार्ला बाळाला घेऊन माझ्या दारात आली. त्याचे ओठ निळसर पडले होते, नखंही. रडतही नव्हतं, नुसतं बघत होतं. तिचा नवरा शेतावर होता म्हणून गाडी मी चालवली. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, घरात विहिरीचं पाणी आहे का.

बाळ वाचलंय. चार दिवस तिथे ठेवलं, काल घरी आणलं. पण डॉक्टर म्हणाले की आणखी एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. नायट्रेट लहान बाळाच्या रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही म्हणे.

आयव्हर दवाखान्यात आला होता. कार्लाच्या सासऱ्याने त्याला जिन्यावरूनच परतवून लावलं. मी बघितलं आणि मधे पडले नाही.

तुला काही माहीत असेल तर आता तरी सांग.

थोरा

•

मिनियापोलिस
१ मे १९८४

प्रिय आत्या,

हे पत्र मी मार्चमध्ये लिहायला हवं होतं. सगळं सांगते. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

वेलस्टॅट हा प्रोग्राम माझा आहे. एकवीस वर्षांची असताना मॅडिसनला उन्हाळ्यात मी जे काम करत होते ते हेच. विद्यापीठात काम करते एवढंच तुला सांगितलं होतं. तुला तरी त्यात काय रस असणार असं वाटलं होतं. प्राध्यापकांना अकरा गावांच्या विहिरींचे आकडे जमवायचे होते. मी प्रोग्राम लिहिला आणि त्यांनी तो वापरायला काढला. मला वाटायचं, एव्हाना तो कधीच टाकून दिला असेल. तुझ्या पहिल्या पत्रापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती, म्हणूनच वरची ओळ उतरवायला सांगितली. ती दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रामची निघावी अशी आशा करत बसले होते.

तुझं २१ मार्चचं पत्र आलं आणि मी उभ्या उभ्या ४५६ ला ५२ ने भागलं. ८.७७. म्हणजे कागदावरचं ८.८. मला तिथेच सगळं कळलं. तुझ्या भरलेल्या अडतीस बाटल्या आणि न भरलेल्या चौदा, मिळून वर्षाचे बावन्न सोमवार.

काय होतं ते साधं आहे. आयव्हरचा तक्ता विद्यापीठात एका फाइलमध्ये चढवतात, दर सोमवारची एक ओळ. माझा प्रोग्राम ती फाइल उघडतो, एकेक ओळ वाचतो, आकडा बेरजेत घालतो आणि शेवटी ओळींच्या संख्येने भागतो. ज्या सोमवारी बाटली नाही ती ओळ कोरी. मी वापरलेली भाषा कोऱ्या जागेला शून्य समजते. माणसाला कळतं की कोरं म्हणजे माहीत नाही. मशीनला ते सांगावं लागतं, आणि मी सांगितलं नाही. म्हणून चौदा सोमवार पाणी अमृतासारखं स्वच्छ होतं असा हिशेब झाला. ते ०.० तिथून आलं. दरवर्षी, आठ वर्षं.

आणखी एक आहे, ते यापेक्षा वाईट. त्याच उन्हाळ्यात कुठल्यातरी गावच्या कारकुनाने पत्र लिहून विचारलं होतं की ज्या आठवड्यात नमुना नाही तिथे काय भरायचं. मी उत्तर टाइप केलं, जागा कोरी सोडा, मशीन समजून घेईल. त्याच्या प्रती काढून, प्रत्येकीवर सही करून अकराही गावांना पाठवल्या. तपासून बघितलं नव्हतं. पाच ओळींची फाइल करून पाहिली असती तरी पुरलं असतं.

आयव्हरने मला ना पत्र लिहिलं ना फोन केला. त्याने चिठ्ठ्यांतले आकडे जसेच्या तसे भरले. त्याने काहीही केलेलं नाही. मी गप्प बसले कारण इथे मला नुकतीच बढती मिळाली आहे, आणि तिथे तू चर्चमध्ये सगळ्यांना माझं कौतुक सांगतेस. मला वाटलं, विद्यापीठाला गुपचूप कळवून प्रोग्राम दुरुस्त करून घेऊ, कुणाचं नावही येणार नाही. कळवायचं पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तेवढ्यात तुमची सभा झाली. तरीही मी गप्प बसले. मग बाळ.

काल दुपारच्या सुट्टीत तुझे आकडे इथल्या मशीनवर फाइलमध्ये घातले, चौदा ओळी कोऱ्या ठेवल्या आणि प्रोग्राम नव्याने लिहिला. ओळ कोरी असेल तर सोडून दे, भरलेल्या मोज, तेवढ्यांनीच भाग. उत्तर आलं: आकडे ३८, सरासरी १२.०, सर्वांत कमी ६.३, सर्वांत जास्त २१.४. तुझ्या वहीत होतं तेच. नव्या चार ओळी लिहाव्या लागल्या, बस.

आज सकाळी प्राध्यापकांना आणि अकराही गावसभांना माझ्या नावाने पत्रं टाकली. व्हेस्टरडालच्या अध्यक्षांना फोनही केला. ज्या ज्या घरात तान्हं मूल आहे तिथे विहिरीचं पाणी बंद करायला सांगितलंय.

मला काय म्हणायचं ते म्हण.

सिग्नी

•

व्हेस्टरडाल
९ मे १९८४

सिग्नी,

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर इतकी संतापले होते की लिहिलं असतं तर कागद फाटला असता. तिसऱ्या दिवशी कोट चढवला आणि आयव्हरकडे गेले.

तो मागच्या अंगणात लाकडं रचत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला की अध्यक्षांनी फोन करून सांगितलंय. आत घेऊन गेला, कॉफी ठेवली. मग दुसऱ्या खोलीतून एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. टाइप केलेला, आठ वर्षांपूर्वीचा. जागा कोरी सोडा, मशीन समजून घेईल. खाली तुझी सही, पूर्ण नावानिशी.

विचारणारा कारकून तोच होता, सिग्नी. अकरा गावांत एकट्या आयव्हरला तो प्रश्न पडला होता.

मी त्याला शून्याबद्दल विचारलं त्या दिवशी घरी जाऊन त्याने हा कागद शोधून काढला. विचारताक्षणीच त्याला तो आठवला होता, म्हणून चेहरा उतरला होता, म्हणून पत्त्यांना आला नाही. विद्यापीठाला त्याने तेव्हाच लिहिलं, उत्तर आलं नाही. सभेच्या दिवशी हा कागद त्याच्या कोटाच्या खिशात होता. किल्ल्या काढल्या त्याच खिशात.

मी विचारलं, मग दाखवला का नाहीस?

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तू वही घेऊन उभी होतीस, थोरा. सगळं गाव ऐकत होतं. मी तुझ्यासमोर, त्यांच्यासमोर, आपल्या सिग्नीचं नाव वाचून दाखवू?" पुढे म्हणाला, "आणि ते शून्य मलाही आठ वर्षं दिसत होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेवढं माझं आहे."

मी माफी मागायला गेले होते. मागितली. त्याने ती घेतली की नाही, मला कळलं नाही. त्याने विचारलं, बाळ कसं आहे. मी सांगितलं, आता दूध नीट पितं, रात्री घर डोक्यावर घेतं. मग तो उठून परत लाकडं रचायला गेला आणि मी घरी आले. पत्त्यांना ये असं म्हणायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही.

तुला अजून एक कळायला हवं, कारण ते मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी कार्लाला बजावलं की पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते, ते मागेच राहतं, आणि पाणी आणखी वाईट होतं. वीस मिनिटं उकळ असं तिला कुणी सांगितलं होतं, ते तू वाचलं आहेस. कार्ला अजून मला आभाराचा केक पाठवते, मी गाडी चालवली म्हणून. मी तो फडताळात ठेवते आणि माझ्याने तो कापवत नाही. आयव्हरला मी शंकेवरून चारचौघांत उभं केलं आणि स्वतःवर मला एकदाही शंका आली नाही.

तू लिहिलंस ते बरं केलंस. पण पत्र लिहिणं सोपं असतं, समोर कुणी नसतं. अध्यक्षांनी २२ मेला, मंगळवारी, खास सभा बोलावली आहे. आयव्हरला निरोप गेला आहे. तो येईन म्हणालेला नाही, येणार नाही असंही म्हणालेला नाही. तू सकाळच्या बसने ये, मी थांब्यावर असेन. तो कागद आयव्हरने मला दिला नाही आणि मी मागितलाही नाही. काय होतं ते तू तुझ्या तोंडाने सांगायचं आहेस.

आधी तू बोल. मग मी उभी राहीन. मला जास्त वेळ लागेल.

थोरा आत्या